शेंगदाणा: खाऊ आणि औषध

चिखलदऱ्याला फिरायला येणारे पाहुणे घाटातल्या एखाद्या वळणावर गाडी थांबवतात आणि रस्त्याकडेला उभ्या असलेल्या मुलांना गोळ्या, चॉकलेट, चिक्की वाटतात. मुले खूश होतात, पाहुणेही खूश होतात, गाडी पुढे जाते. आपल्यापैकी अनेकांनी हे दृश्य पाहिले असेल. मुलांना खाऊ देण्यात गैर काही नाही. पण याच मेळघाटात तीव्र कुपोषित बाळांच्या उपचारासाठी जी पेस्ट वापरली गेली आहे, तिची चव या खाऊपेक्षा फार वेगळी नाही. तीही गोड असते, तिलाही शेंगदाण्याचा वास येतो, आणि बाळ ती बोटाने चाटून खाते. मग एक खाऊ आणि दुसरे औषध, हा भेद कशामुळे?

या प्रश्नाचे उत्तर वेष्टनावरच्या आकड्यांत थोडे आणि इतिहासात पुष्कळ सापडते. आधी आकडे पाहू.

आकडे काय सांगतात?

परदेशातून येणारा एखादा नातेवाईक चॉकलेटच्या वाटीत शेंगदाण्याचे लोणी भरलेली मिठाई घेऊन येतो. हल्ली ती आपल्याकडच्या मोठ्या दुकानांतही मिळते. तिच्या दोन वाट्यांचे वजन सुमारे ४२ ग्रॅम असते आणि त्यांतून २१० किलोकॅलरी ऊर्जा मिळते. म्हणजे १०० ग्रॅममागे साधारण ५०० किलोकॅलरी. त्यात प्रथिने सुमारे ११ ग्रॅम, स्निग्ध पदार्थ ३० ग्रॅम आणि साखर सुमारे ५० ग्रॅम. निम्मे वजन साखरेचेच.

आता आपली चिक्की घेऊ. समजा, तीत निम्मे दाणे आणि निम्मा गूळ आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तक्त्यांप्रमाणे १०० ग्रॅम शेंगदाण्यात सुमारे ५६७ किलोकॅलरी, २५ ग्रॅम प्रथिने आणि ४० ग्रॅम स्निग्ध पदार्थ असतात. १०० ग्रॅम गुळात सुमारे ३८३ किलोकॅलरी, आणि त्या जवळजवळ सगळ्या साखरेच्या. दोहोंचे निम्मे निम्मे केले, की १०० ग्रॅम चिक्कीत सुमारे ४७५ किलोकॅलरी, १३ ग्रॅम प्रथिने, २० ग्रॅम स्निग्ध पदार्थ आणि ४७-४८ ग्रॅम साखर येते.

तिसरी वस्तू म्हणजे उपचाराची पेस्ट. तिची सर्वमान्य कृती अशी: शेंगदाण्याचे लोणी २५ टक्के, साय न काढलेल्या दुधाची भुकटी ३० टक्के, साखर २८ टक्के, खाद्यतेल १५ टक्के आणि जीवनसत्त्वे-खनिजांचे मिश्रण सुमारे दीड टक्का. ९२ ग्रॅमच्या एका पुड्यातून ५०० किलोकॅलरी मिळतात, म्हणजे १०० ग्रॅममागे सुमारे ५४५.

ऊर्जेच्या हिशेबाने तिन्ही वस्तू एकाच माळेतल्या दिसतात. पण ऊर्जा येते कुठून, ते पाहा. अमेरिकन शास्त्रज्ञ विल्बर ॲटवॉटर यांनी १८९० च्या दशकात माणसाला बंद खोलीत ठेवून त्याच्या शरीरातून बाहेर पडणारी उष्णता मोजली. अशा कामातून पुढे आपण आजही वापरतो तो ४-९-४ चा नियम रूढ झाला: १ ग्रॅम प्रथिनापासून ४, स्निग्ध पदार्थापासून ९ आणि कर्बोदकापासून ४ किलोकॅलरी. हा नियम लावला, तर मिठाईतली सुमारे ४० टक्के ऊर्जा निव्वळ साखरेची निघते. चिक्कीतलीही तेवढीच. पेस्टमधली मात्र सुमारे २१ टक्के. मिठाईतली ८-९ टक्के ऊर्जा प्रथिनांतून येते, चिक्कीतली सुमारे ११ टक्के आणि पेस्टमधली १० ते १२ टक्के.

प्रथिनांचे प्रमाण चिक्कीत आणि पेस्टमध्ये सारखेच आहे, हे वाचून आश्चर्य वाटेल. पण चिक्कीतले सगळे प्रथिन शेंगदाण्याचे असते आणि त्यात लायसिन हे आवश्यक अमिनो आम्ल कमी असते. पेस्टमध्ये ही उणीव दूध भरून काढते. शिवाय शेंगदाण्यात अ जीवनसत्त्व नाही, ब-१२ नाही, आणि लोह १०० ग्रॅममागे जेमतेम अडीच मिलिग्रॅम. पेस्टमध्ये तेवढ्याच वजनात १० ते १४ मिलिग्रॅम लोह आणि ११ ते १४ मिलिग्रॅम जस्त मुद्दाम घातलेले असते. दीड टक्का वजनाची ती चिमूटभर भुकटी खाऊला औषधाकडे नेते. ती घालायला हवी हे कळायला मात्र शंभर वर्षे लागली.

आजाऱ्यांचे लोणी

भुईमूग मूळचा दक्षिण अमेरिकेतला. युरोपियन दर्यावर्दींबरोबर तो आफ्रिकेत आणि आशियात पोचला. आपल्या देशातल्या भाषांत त्याच्या प्रवासाच्या खुणा आहेत. बंगालीत तो ‘चिनेबादाम’ आहे, तर तमिळमधल्या त्याच्या एका नावात मनिला शहर आहे. मराठीने मात्र परदेशाचे नाव न घेता ‘भुईतला मूग’ म्हणून त्याला घरचाच केला. इतका घरचा, की तो उपवासालाही चालू लागला. साबुदाण्याच्या खिचडीतले दाणे, बटाटा, मिरची आणि ज्याच्या कंदापासून आपल्याकडे साबुदाणा बनतो तो टॅपिओका, हे चौघेही अमेरिका खंडातून आलेले पाहुणे आहेत.

शेंगदाण्याचे लोणी कुणी शोधले, असे वर्गात विचारले, तर मुले हमखास ‘कार्व्हर’ म्हणतात. वीणा गवाणकर यांच्या ‘एक होता कार्व्हर’ (१९८१) या पुस्तकाने जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर हे नाव महाराष्ट्रातल्या घराघरांत नेले, त्यामुळे हे स्वाभाविकच आहे. पण उत्तर बरोबर नाही. दाणे वाटून खाण्याची रीत अमेरिकेच्या मूळ रहिवाशांत फार जुनी होती. आधुनिक काळात कॅनडातल्या मार्सेलस एडसन यांनी १८८४ मध्ये भाजलेल्या दाण्यांच्या पेस्टचे पेटंट घेतले. मिशिगनमधल्या बॅटल क्रीक येथे आरोग्यधाम चालवणारे डॉ. जॉन हार्वे केलॉग यांनी १८९५ मध्ये उकडलेल्या दाण्यांच्या लोण्यासाठी पेटंटचा अर्ज केला. केलॉग शाकाहाराचे पुरस्कर्ते होते. ज्यांना चावता येत नाही आणि मांस द्यायचे नाही, अशा रुग्णांना सहज गिळता येईल असे सकस अन्न त्यांना हवे होते. म्हणजे हे लोणी पहिल्यांदा नाव कमावून गेले ते आजाऱ्यांचे अन्न म्हणून.

मग कार्व्हर यांचे श्रेय कोणते? ते वेगळे आणि मोठे आहे. अलाबामातल्या टस्कीगी येथे ते १८९६ मध्ये आले, तेव्हा कापसामागून कापूस घेऊन तिथली जमीन निकस झाली होती. भुईमुगाच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नायट्रोजन जमिनीत आणतात, म्हणून त्यांनी शेतकऱ्यांना भुईमूग लावायला सांगितले. पीक आले, तर त्याचे करायचे काय? यासाठी १९१६ मध्ये त्यांनी एक पुस्तिका काढली. तीत भुईमूग कसा लावावा आणि तो खाण्याच्या १०५ रीती कोणत्या, हे दिले होते. वऱ्हाडातल्या वाचकाला ही गोष्ट परकी वाटू नये. १८६१ ते १८६५ च्या अमेरिकेतल्या यादवी युद्धाने तिकडचा कापूस अडला आणि वऱ्हाडच्या कापसाला भाव चढला. एकाच पिकावर बेतलेल्या शेतीचे चटके दोन्ही मुलखांनी सोसले आहेत.

लोणी मिठाईत शिरते

पेनसिल्व्हेनियातल्या हर्षी या गावात, त्याच नावाच्या चॉकलेट कंपनीच्या गोठ्यावर हॅरी बर्नेट रीस नावाचा माणूस काम करीत होता. पुढे त्याने स्वतःचा मिठाईचा धंदा काढला आणि १९२८ मध्ये चॉकलेटच्या वाटीत शेंगदाण्याचे लोणी भरून विकायला सुरुवात केली. दुसऱ्या महायुद्धात साखरेची टंचाई झाली, तेव्हा त्याने इतर मिठाया बंद करून हीच चालू ठेवली, कारण हिला साखर कमी लागत असे. आज जी मिठाई आपल्याला साखरेने भरलेली दिसते, ती त्या काळात साखर वाचवणारी होती.

थोड्या जागेत पुष्कळ ऊर्जा हा चॉकलेटचा गुण लष्करानेही हेरला होता. १९३७ मध्ये अमेरिकन सैन्यातले कॅप्टन पॉल लोगन यांनी हर्षी कंपनीकडे सैनिकांसाठी एक वडी मागितली. वजन ४ औंस, म्हणजे सुमारे ११३ ग्रॅम. ऊर्जा ६०० किलोकॅलरी. उन्हात वितळता कामा नये, आणि चव उकडलेल्या बटाट्यापेक्षा जराशीच बरी असावी. चव चांगली झाली, तर सैनिक संकटाची वाट न पाहता ती आधीच खाऊन टाकतील, ही भीती! लक्षात ठेवण्याजोगी बाब अशी, की त्या काळी विचार होता तो धडधाकट माणसाला तगवण्याचा. खंगलेल्या बाळाला काय लागते, हा प्रश्न निराळा होता आणि त्यावर शास्त्रज्ञांचे एकमत व्हायला बराच काळ जायचा होता.

प्रथिने की पोटभर अन्न?

१९३० च्या दशकात सिसिली विल्यम्स या डॉक्टर आफ्रिकेतल्या गोल्ड कोस्ट, म्हणजे आजच्या घानात काम करीत होत्या. अंगावर सूज, केस पिंगट, कातडी सोललेली अशी बालके त्यांच्याकडे येत. या आजाराला स्थानिक भाषेत ‘क्वाशिऑरकोर’ म्हणत. धाकटे भावंड आल्यावर आईच्या दुधापासून तुटलेल्या मुलाचा हा आजार होता. प्रथिनांच्या अभावाने तो होतो, असे मत पुढे रूढ झाले आणि जगभर प्रथिनांचा शोध सुरू झाला.

भारतात या शोधाचे केंद्र होते म्हैसूरची केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था. १९५० मध्ये सुरू झालेल्या या संस्थेचे पहिले संचालक डॉ. व्ही. सुब्रह्मण्यन. तेल काढल्यावर उरणाऱ्या शेंगदाण्याच्या पेंडीत प्रथिने भरपूर असतात. चांगल्या दाण्यांपासून खाण्याजोगे पीठ बनवून त्याचे ७५ भाग आणि हरभऱ्याच्या पिठाचे २५ भाग घेऊन, वर जीवनसत्त्वे आणि चुना, म्हणजे कॅल्शियम घालून या संस्थेने ‘बहुउद्देशीय अन्न’ तयार केले. शेंगदाणा आणि सूक्ष्मपोषके एकत्र आणण्याची कल्पना आपल्या देशात अशी फार पूर्वीच आली होती.

मात्र त्या पिठातून तेल काढून घेतलेले होते. म्हणजे प्रथिने ठेवली आणि ऊर्जेचा मोठा साठा बाजूला केला. ही चूक आहे, असे त्या वेळी कोणाला वाटत नव्हते. वाटू लागले त्यामागे एका मराठी संख्याशास्त्रज्ञाचा मोठा वाटा आहे.

डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा जन्म १९११ मध्ये सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचा. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेत ते १९५१ पासून वीस वर्षे संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख होते. भारतातल्या आहार पाहण्यांची आकडेवारी तपासून त्यांनी दाखवले, की ज्यांच्या आहारात प्रथिने कमी पडतात त्यांना मुळात अन्नच कमी पडते. पोटभर भाकरी-डाळ मिळाली, तर बहुतेकांची प्रथिनांची गरज आपोआप भागते. अन्न कमी पडले, तर शरीर प्रथिनेही सरपणासारखी जाळते. मग नुसती प्रथिने देऊन काय उपयोग?

हैदराबादला डॉ. सी. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे प्रत्यक्ष करून पाहिले. जवळच्या गावांतल्या एक ते पाच वर्षांच्या मुलांना त्यांनी गव्हाचे पीठ, साखर आणि तेल यांचा गोड पदार्थ रोज खायला दिला. त्यातून ३१० किलोकॅलरी मिळत, पण प्रथिने अवघी ३ ग्रॅम. चौदा महिन्यांनंतर या मुलांची उंची आणि वजन इतरांपेक्षा अधिक वाढलेले दिसले. हा अभ्यास १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढच्याच वर्षी डोनल्ड मॅक्लारेन यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रथिनांमागे धावण्याच्या त्या साऱ्या पर्वाला ‘फसगत’ असे म्हटले.

म्हणजे चिक्की वाटणाऱ्या पाहुण्यांचेच बरोबर म्हणायचे का? थोडे बरोबर. गोड आणि तेलकट पदार्थ भुकेल्या मुलाचा शत्रू नसतो. पण हैदराबादची मुले कमी वाढलेली असली, तरी चालती-बोलती होती आणि त्यांना तो पदार्थ रोज, वर्षभराहून अधिक काळ मिळाला. मृत्यूच्या उंबरठ्यावरच्या बाळाची गोष्ट वेगळी असते.

मेळघाटातले बाळ

चिखलदरा आणि धारणी हे अमरावती जिल्ह्यातले दोन तालुके म्हणजे मेळघाट. चिखलदऱ्याचे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे १,१०० मीटर उंच आहे. तिथे थंड हवा आहे, कॉफीचे मळे आहेत, गाविलगडचा किल्ला आहे. पठार उतरून आत गेले, की कोरकूंची गावे लागतात. १९९३ मध्ये इथल्या बालमृत्यूंच्या बातम्यांनी सारा महाराष्ट्र हादरला. उच्च न्यायालयात याचिका झाल्या, मंत्र्यांचे दौरे झाले, समित्या नेमल्या गेल्या. तरी पुढची अनेक वर्षे पावसाळा आला, की तशाच बातम्या येत राहिल्या.

पावसाळाच का? घरातले धान्य संपत आलेले असते आणि नवे यायला अवकाश असतो. आई पेरणी-निंदणीला दिवसभर शेतात असते आणि बाळ थोरल्या भावंडाकडे. नाल्यांना पूर येऊन रस्ते तुटतात. त्यातच जुलाब, न्यूमोनिया आणि हिवताप. कुपोषित बाळ बहुधा भुकेने दगावत नाही. ज्या आजारातून धष्टपुष्ट मूल चार दिवसांत उठते, त्यात ते दगावते.

अशा बाळाला भरवण्यात एक साधी, गणिताची अडचण असते. बाळाच्या पोटात एका वेळी त्याच्या वजनाच्या दर किलोमागे सुमारे ३० मिलिलिटर मावते. सहा किलोच्या बाळाच्या पोटात साधारण १८० मिलिलिटर, म्हणजे चहाचा एक मोठा कप. झीज भरून काढण्यासाठी त्याला दर किलोमागे सुमारे १७५ किलोकॅलरी, म्हणजे दिवसाला १,०५० लागतात. आता पातळ पेज घ्या. १०० मिलिलिटर पेजेतून ३५ किलोकॅलरी मिळतात असे धरले, तर १,०५० साठी तीन लिटर पेज लागेल, म्हणजे दिवसात सोळा-सतरा वेळा पोट भरावे लागेल. कोणत्या आईला ते शक्य आहे? तीच ऊर्जा शेंगदाण्याच्या पेस्टमधून द्यायची, तर दोनशे ग्रॅमहून कमी पेस्ट पुरते.

चॉकलेट वितळले, पेस्ट टिकली

१९९० च्या दशकापर्यंत अशा बाळांसाठी एक खास दूध तयार झाले होते. दुधाची भुकटी, तेल, साखर आणि सूक्ष्मपोषके यांचे ते मिश्रण होते आणि त्याने गुणही चांगला येई. पण ते पाण्यात कालवावे लागे. पाणी दूषित असले किंवा कालवलेले दूध तासन्‌तास उघडे राहिले, तर त्यात जंतू वाढत. म्हणून ते रुग्णालयातच देता येई आणि आईला घरदार, शेत सोडून आठवडेच्या आठवडे तिथे राहावे लागे. मेळघाटातल्या मजुरी करणाऱ्या बाईला याचा अर्थ काय, ते सांगायला नको.

आंद्रे ब्रियाँ हे फ्रेंच बालरोगतज्ज्ञ पाण्याशिवाय देता येईल असे काही शोधत होते. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिस्किटे करून पाहिली, चॉकलेटच्या वड्या करून पाहिल्या. चॉकलेट उष्ण प्रदेशात वितळे आणि जीवनसत्त्वांमुळे त्याची चव बिघडे. अखेर पावाला लावायच्या चॉकलेट-हेझलनटच्या चटणीसारख्या पदार्थावरून त्यांना मार्ग सुचला. १९९६ मध्ये त्यांनी त्या खास दुधातल्या भुकटीचा काही भाग काढून त्या जागी शेंगदाण्याचे लोणी घातले. मिशेल लेस्कान यांच्या नॉर्मंडीतल्या कारखान्यात ही पेस्ट बनू लागली.

इथले विज्ञान विद्यार्थ्यांना सांगण्याजोगे आहे. जंतूंना वाढायला मोकळे पाणी लागते. या पेस्टमध्ये दुधाचे आणि साखरेचे कण तेलात बुडालेले असतात आणि पाणी जवळजवळ नसते. त्यामुळे पुडा फोडून बाळाने चार बोटे चाटली आणि उरलेले संध्याकाळी खाल्ले, तरी ते नासत नाही. आपली चिक्की कोरड्या डब्यात का टिकते, याचे उत्तरही हेच. केलॉग यांच्या आरोग्यधामातून निघून मिठाईच्या दुकानात गेलेले शेंगदाण्याचे लोणी शंभर वर्षांनी पुन्हा आजाऱ्याच्या उशाशी आले. २००५ मध्ये आफ्रिकेतल्या नायजर देशातल्या दुष्काळात त्याचा मोठा वापर झाला, आणि २००७ मध्ये जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ आदींनी घरच्या घरी उपचाराच्या या पद्धतीला एकत्र मान्यता दिली.

पुडा आणि चूल

आपल्या देशात मात्र या पेस्टवर वाद झाला आणि तो समजून घेण्याजोगा आहे. युनिसेफने बिहार आणि मध्य प्रदेशासाठी आयात केलेल्या पेस्टला २००९ मध्ये केंद्र सरकारने हरकत घेतली. २०१७ मध्ये केंद्राच्या महिला आणि बालविकास मंत्रालयाने अशा तयार पेस्टला धोरण म्हणून मान्यता नसल्याचे राज्यांना कळवले. आक्षेप असे होते: पुड्याची सवय लागली, की घरचे अन्न मागे पडेल. गरिबी आणि रोजगाराचा प्रश्न कारखान्याच्या गिऱ्हाइकीत बदलेल. दुसऱ्या बाजूचे डॉक्टर म्हणत, की बाळाजवळ वाट पाहायला वेळ नाही.

मधला मार्ग काहींनी काढला. मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयाने शेंगदाण्याची पेस्ट तिथेच तयार करून मुलांना दिली. मेळघाटात, धारणीजवळ उतावली येथे काम करणारे डॉ. आशिष सातव आणि त्यांची ‘महान’ संस्था यांनी स्थानिक पातळीवर बनवलेल्या उपचाराच्या आहाराने तीव्र कुपोषित मुलांवर गावातच उपचार केले. राज्यातल्या ग्राम बाल विकास केंद्रांत अंगणवाडीतच बाळाला दिवसातून अनेकदा थोडे थोडे भरवण्याची पद्धत आली. २०१५ मध्ये सुरू झालेल्या ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेत आदिवासी भागातल्या गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचे चौरस जेवण ठरले. त्यात भाकरी-डाळ-भाजीबरोबर शेंगदाण्याचा लाडूही आहे.

पुरावा काय सांगतो? दिल्ली, राजस्थान आणि तामिळनाडूतल्या ९०६ तीव्र कुपोषित बालकांवरचा एक अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. देशात बनवलेली पेस्ट मिळालेल्यांपैकी सुमारे ५७ टक्के बालके सोळा आठवड्यांत सावरली, आयात पेस्टच्या गटातली सुमारे ४८ टक्के आणि घरच्या अन्नाची जोड दिलेल्या गटातली सुमारे ४३ टक्के. म्हणजे आपल्या देशात बनलेली पेस्ट कुठेही कमी पडली नाही. पण उपचार संपल्यावर आणखी सोळा आठवड्यांनी पुन्हा पाहिले, तेव्हा तिन्ही गटांतली फारच थोडी मुले सावरलेली राहिली होती. घर तेच, पाणी तेच, आईची मजुरी तीच. पुडा बाळाला धोक्याबाहेर काढू शकतो. तिथेच टिकवून धरणे हे चुलीचे, रेशनचे, दवाखान्याचे आणि रोजगाराचे काम आहे. शेंगदाण्याकडून त्याची अपेक्षा करणे अन्यायाचे होईल.

शेंगदाण्याशी सावधपणे

१९६० मध्ये इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी अचानक मेले. त्यांच्या खाद्यातली शेंगदाण्याची पेंड ब्राझीलहून आली होती आणि तिला बुरशी लागलेली होती. त्या बुरशीच्या विषाला अफ्लाटॉक्सिन हे नाव मिळाले. ते यकृताला घातक असते आणि भाजल्यानेही पुरते नष्ट होत नाही. शेंगदाण्याच्या पिठावर बेतलेल्या जगभरच्या योजनांना या शोधाने धक्का दिला. म्हणून शाळेत किंवा अंगणवाडीत दाणे वापरताना ते कोरडे ठेवावेत आणि सुरकुतलेले, काळपट किंवा खवट दाणे निवडून फेकून द्यावेत.

दुसरी गोष्ट त्याहून तातडीची. चार वर्षांखालच्या मुलाला अख्खे दाणे किंवा कडक चिक्की देऊ नये. दाणा श्वासनलिकेत अडकून जीव गुदमरतो. लहानग्यांना कूट किंवा मऊ लाडूच द्यावा, आणि सहा महिन्यांखालच्या बाळाला आईच्या दुधाखेरीज काहीही नको.

तिसरे, खंगलेले बाळ अन्न नाकारत असेल, त्याच्या पायांवर सूज असेल, ताप किंवा जुलाब असतील, तर कोणतीही पेस्ट वा लाडू हा त्यावरचा उपाय नव्हे. अशा बाळाला एकदम जड अन्न देणे धोक्याचे असते. त्याला आधी दवाखान्यातच न्यायला हवे.

वर्गात करून पाहण्याजोगे

मुलांना बिस्किट, चॉकलेट, चिक्की यांची रिकामी वेष्टने आणायला सांगा. त्यांवरचे प्रथिने, स्निग्ध पदार्थ आणि साखर यांचे आकडे फळ्यावर लिहा, ४-९-४ चा नियम लावा आणि किती टक्के ऊर्जा साखरेतून येते ते काढा. मग घरच्या शेंगदाणा-लाडवाची कृती मुलांकडूनच विचारून तोच हिशेब करा. सातवीचा वर्ग हे सहज करतो.

दुसरा प्रयोग लहान आहे. कागदाची बारीक पट्टी कापा, तिच्यावर साडेअकरा सेंटिमीटर मोजून खूण करा आणि तेवढ्या परिघाचे कडे चिकटवा. त्याचा व्यास किती, ते मुलांना काढू द्या. उत्तर ३.७ सेंटिमीटरच्या आसपास येईल. ते कडे प्रत्येकाने स्वतःच्या दंडावर चढवून पाहावे. सातवीतल्या मुलाच्या मनगटापर्यंतही ते पोचणार नाही. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या ज्या बाळाच्या दंडाचा घेर या कड्याहून कमी भरतो, ते तीव्र कुपोषित धरले जाते. मग मुलांना सांगा, की घरातल्या किंवा शेजारच्या लहानग्याच्या दंडाभोवती अशी पट्टी हलकेच लावून पाहा, आणि खुणेच्या आत भरली, तर त्याच दिवशी अंगणवाडीताईंना कळवा.